व्हेरिकोज व्हेन्सचा डॉपलर रिपोर्ट: शब्दाशब्दाचा अर्थ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५२ वर्षांच्या आहेत. १८ वर्षं शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करतात, म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत एका जागी उभं राहणं. उजव्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत (यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात), घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळपट होऊन खाज सुटते. डॉपलरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये लिहिलंय: 'एसएफजे इनकॉम्पिटंट, जीएसव्ही डायलेटेड, टॉर्च्युअस, ८.२ मिमी, रिफ्लक्स २.८ सेकंद, पोटरीत तीन परफोरेटर इनकॉम्पिटंट, डीप व्हेन्स पेटंट, कॉम्प्रेसिबल, नो डीव्हीटी, सी-४ए.' घरी सगळे म्हणतायत की नसा ब्लॉक झाल्या, गाठ हृदयात जाईल. एका डॉक्टरांनी लगेच लेझर सांगितलं, दुसऱ्यांनी गोळ्या आणि मलम देऊन घरी पाठवलं.

पहिलं उत्तर हे, की आईंच्या पायात काहीही ब्लॉक झालेलं नाही. रस्ता मोकळा आहे. त्या रस्त्यावर रक्त उलट्या दिशेने येतंय, हा त्यांचा आजार आहे. ही एक गोष्ट घरात सगळ्यांना नीट कळली, तर निम्मी भीती जाईल आणि उपचारांचा विचारही सरळ करता येईल.

गोंधळाचं मूळ 'नस' या शब्दात आहे. 'कमरेत नस दबली' म्हणतो तेव्हा ती मज्जातंतूची दोरी असते. 'सलाईन लावायला नस सापडत नाही' म्हणतो तेव्हा ती शीर, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी नळी. 'हृदयाच्या नसा ब्लॉक' म्हणतो तेव्हा ती धमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी. आणि 'मानेची शीर आखडली' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्नायू असतो. चार वेगळ्या गोष्टींना आपण दोनच शब्द वापरतो. त्यामुळे शेजारच्या काकांच्या अँजिओग्राफीतला 'ब्लॉक' आईंच्या पायात येऊन बसतो.

दुखण्याची तऱ्हा विचारली की यातलं बरंचसं वेगळं करता येतं. शिरांचं दुखणं म्हणजे जडपणा, ठणका, संध्याकाळी येणारी सूज, रात्री पोटरीत येणारा गोळा. उभं राहिलं की वाढतं, पाय उशीवर ठेवून पडलं की उतरतं. धमनीचं दुखणं याच्या उलट. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते. तंबाखू, विडी किंवा बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. मज्जातंतूचं दुखणं कमरेतून किंवा कुल्ल्यातून झणझणत खाली उतरतं. एकाच माणसाला दोन प्रकार असू शकतात. पन्नाशीनंतर तर सर्रास असतात. म्हणून माझ्याकडे फुगलेल्या शिरा दाखवायला आलेल्या माणसाची कंबर आणि पावलावरची नाडी पाहिल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. शिरा दिसतात म्हणून सगळं दुखणं शिरांचंच, असं गृहीत धरून लेझर केलं आणि कंबरदुखी तशीच राहिली, असे लोक नंतर फार निराश होऊन येतात.

आता उलट्या प्रवाहाबद्दल. पायातलं रक्त वर चढतं ते दोन गोष्टींच्या जोरावर: पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा. चालताना पोटरी आवळली की खोल शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, सैल पडली की झडपा मिटतात आणि ते खाली येत नाही. विहिरीवरची मोटार ज्यांनी चालवली आहे त्यांना हे पटकन कळतं. फूट व्हॉल्व्ह गळायला लागला की मोटार बंद करताच पाइपातलं सगळं पाणी विहिरीत उतरतं. पाइप फुटलेला नसतो, तुंबलेलाही नसतो, झडप धरत नसते. आईंच्या मांडीतली झडप तशी धरत नाही. निरोगी माणूस स्तब्ध उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर असतो. चालायला लागलं की तो ३०च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. झडपा निकामी असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर चढून राहिलेला हा दाब फुगवट्याचं, सुजेचं आणि त्या काळपट डागाचं कारण आहे.

इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचं वर्णन छापलं, पण त्या रक्ताची खालची धाव मंदावण्यासाठी आहेत असं त्यांना वाटलं. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी दंड बांधून, हाताची शीर बोटाने दाबून, रिकामी करून १६२८ मध्ये जगाला दाखवलं की शिरेतलं रक्त एकाच दिशेने जातं. चारशे वर्षांनी आम्ही डॉपलरच्या पडद्यावर तीच दिशा पाहतो, निळ्या आणि लाल रंगात. तो निळा-लाल रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नसतो. रक्त प्रोबकडे, म्हणजे पायावर टेकवलेल्या सोनोग्राफीच्या यंत्राकडे, येतंय की लांब जातंय, एवढंच त्यातून दिसतं. 'अशुद्ध रक्त साठलंय, ते काढून टाका' ही मागणी मला दर आठवड्याला ऐकावी लागते. शिरेतल्या रक्तात प्राणवायू कमी असतो, घाण नसते. ते काढून टाकून झडप दुरुस्त होत नाही.

आता रिपोर्टमधले शब्द. 'जीएसव्ही' म्हणजे ग्रेट सफेनस व्हेन, घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीतून जांघेपर्यंत जाणारी कातडीजवळची लांब शीर. जांघेत ती खोल शिरेला मिळते, तो संगम म्हणजे 'एसएफजे'. पोटरीच्या मागून गुडघ्याकडे जाणारी दुसरी, ती स्मॉल सफेनस, 'एसएसव्ही'. 'परफोरेटर' म्हणजे वरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या आडव्या जोडशिरा. 'इनकॉम्पिटंट' म्हणजे झडप धरत नाही. 'डायलेटेड' म्हणजे फुगून रुंद झालेली. 'टॉर्च्युअस' म्हणजे नागमोडी. त्याचा टॉर्चरशी संबंध नाही, हे सांगावं लागतं, कारण एका ताईंनी तो शब्द वाचून रात्रभर झोप घेतली नव्हती. 'पेटंट' म्हणजे खुली, वाहती. 'कॉम्प्रेसिबल' म्हणजे प्रोबने दाबली की शीर मिटते. आत गाठ असती तर मिटली नसती. म्हणजे हे दोन शब्द शुभवार्ता आहेत, आणि नेमके तेच वाचून लोक घाबरतात.

'रिफ्लक्स २.८ सेकंद' हा या रिपोर्टचा गाभा. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त किती वेळ उलटं वाहतं, ते यात मोजलेलं असतं. वरच्या शिरांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल तर तो आजार धरतात, मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांत एक सेकंदापेक्षा जास्त. म्हणजे आईंचा रिफ्लक्स खरा आहे, काठावरचा नाही. मात्र एक गोष्ट तपासून घ्या: ही तपासणी आईंना उभं करून केली होती का? आडवं झोपवून केलेल्या तपासणीत रिफ्लक्स नीट मोजता येत नाही. बऱ्याच ठिकाणी घाईत ती झोपवूनच होते. ८.२ मिलिमीटर हा आकडा मोठा दिसतो, पण शीर रुंद आहे एवढ्यावरून उपचार ठरत नाहीत. रुंद असूनही बरोबर दिशेने वाहणारी शीर असते, ती जाळू नये.

परफोरेटरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण 'तीन परफोरेटर' वाचून तीन वेगळे उपचार आणि तीन वेगळे दर सांगितले जातात. मुख्य शिरेचा उलटा प्रवाह थांबवला की त्यातल्या बऱ्याच जोडशिरांवरचा ताण आपोआप कमी होतो. स्वतंत्र उपचार करण्याजोगी जोडशीर म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, अर्धा सेकंद किंवा अधिक उलट वाहणारी, आणि जखमेच्या किंवा भरून आलेल्या जखमेच्या खालीच असलेली. आईंना जखम नाही. मी तरी पहिल्या फेरीत त्यांना हात लावणार नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये नसलेला एक शब्दही इथे सांगते, कारण त्याने माणसं मरू शकतात. मांडीतल्या एका शिरेला बरीच वर्षं 'सुपरफिशियल फेमोरल व्हेन' म्हणत. नावात सुपरफिशियल, म्हणजे वरवरची. पण ती शीर खोल आहे, पायातल्या मोठ्या खोल शिरांपैकी एक. तिच्यात गाठ झाली तर ती डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली रक्ताची गाठ असते, तिला रक्त पातळ करणारी औषधं लागतात, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. माझ्या निवासी डॉक्टर असतानाच्या काळात एक बाळंतीण अशीच आली होती. आधीच्या ठिकाणी रिपोर्टमध्ये 'सुपरफिशियल' वाचून तिला जेल लावायला सांगून घरी पाठवलं होतं. चार दिवसांनी धाप लागली म्हणून तिला आमच्याकडे आणलं. ती वाचली. २००१ मध्ये रोमला जगभरच्या शिरातज्ज्ञांनी बसून पायाच्या शिरांची नावं नव्याने ठरवली, तेव्हा या शिरेला नुसतं 'फेमोरल व्हेन' म्हणायचं ठरलं. जीएसव्हीचं 'लाँग' (लांब) आणि एसएसव्हीचं 'लेसर' (लहान) ही दोन जुनी नावंही तेव्हाच मागे पडली, कारण 'एलएसव्ही' लिहिलं की लाँग की लेसर हे कळायचं नाही आणि भलत्याच शिरेवर शस्त्रक्रिया होण्याचा धोका राहायचा. जुनी नावं अजूनही छापली जातात. कुणाच्या रिपोर्टमध्ये 'सुपरफिशियल फेमोरल' आणि 'थ्रॉम्बस' (रक्ताची गाठ) हे शब्द एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

डीव्हीटी आणि 'सुपरफिशियल थ्रॉम्बोफ्लेबायटिस' यांतही गल्लत होते. फुगलेल्या शिरेत रक्त गोठून ती लाल, कडक, दोरीसारखी आणि हुळहुळी होते, ती दुसरी. ती बहुधा गंभीर नसते, पण जांघेतल्या संगमाच्या तीन सेंटिमीटरच्या आत पोहोचली असेल तर डीव्हीटीसारखीच हाताळतात. म्हणून तिचीही सोनोग्राफी करायची असते. एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, त्यातही नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टर, लांबचा प्रवास किंवा कर्करोग असेल, तर वाट पाहू नका. घरचे ज्या गाठीला घाबरतात ती ही. ती तुमच्या आईंना नाही, हे 'नो डीव्हीटी'ने सांगितलंय.

आता सी-४ए. रिपोर्टमधला हा शेवटचा, सगळ्यात छोटा शब्द, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तोही हाच. १९९४ मध्ये ठरलेल्या आणि नंतर २००४ व २०२० मध्ये सुधारलेल्या 'सीईएपी' वर्गवारीतला हा टप्पा आहे. सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा, तीन मिलिमीटरपेक्षा कमी. हा बहुतेकदा दिसण्याचा प्रश्न. सी-२ म्हणजे तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलेल्या शिरा. सी-३ सूज. सी-४ला आजार शिरेतून निघून कातडीत उतरतो. सी-५ म्हणजे भरून आलेली जखम, सी-६ उघडी जखम.

सी-४मध्ये काय होतं, ते समजून घ्या. चढलेल्या दाबामुळे तांबड्या पेशी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, मरतात, आणि त्यांच्यातलं लोह कातडीखाली साठतं. घोट्यावरचा काळपट-तपकिरी रंग तो, नळाखालच्या फरशीवर गंजाचा डाग पडतो तसा. त्यावर खाज आणि चिघळणारा इसब येतो. इथवर सी-४ए. पुढे कातडी आणि तिच्याखालची चरबी आवळून लाकडासारखी घट्ट होते, मध्येच पांढरे गुळगुळीत चट्टे पडतात, तो सी-४बी. या टप्प्यावरची माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याने. काळ्या डागाला गजकर्ण समजून वर्षानुवर्षं मलमं लावलेली असतात. लाल, गरम, कडक कातडीला जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचे चार-चार कोर्स झालेले असतात. पांढऱ्या चट्ट्यांना कोड समजून एका कुटुंबाने मुलीचं लग्न लांबवलं होतं. तिच्या पोटरीवरच्या फुगलेल्या शिरेकडे कुणीच पाहिलं नव्हतं. खाजेसाठी आईंना साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावू द्या. खूपच खाज असेल तर स्टेरॉइडचं मलम थोडे दिवस, डॉक्टरांना विचारूनच. दुकानातून आणलेलं तीन-चार औषधं मिसळलेलं मलम मात्र बंद करा. त्याने कातडी पातळ होते, आणि घोट्यावरची पातळ कातडी एका खरचटण्याने फुटते.

सूज दोन्ही पायांवर सारखी असेल तर मी आधी शिरांकडे पाहत नाही. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड, आणि रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ही गोळी, यांची चौकशी करते. सूज पावलावर आणि बोटांवरही असेल, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नसेल, तर ते दुखणं लसीकावाहिन्यांचं, म्हणजे शरीरातला जादा द्रव परत नेणाऱ्या नळ्यांचं. विदर्भात हत्तीरोग अजूनही भेटतो, तिथे हे विसरून चालत नाही. शिरांच्या सुजेत बोटांवर बहुतेक वेळा सूज नसते.

उपचारांकडे येऊ. गोळ्यांनी जडपणा आणि सूज काही लोकांत कमी होते, झडप नीट होत नाही. मलमांनी तेवढंही नाही. दाबमोजे हा खरा उपचार आहे, पण ते घातलेले असतात तोवरच. उलटा प्रवाह सिद्ध झालेला असेल, त्रास असेल आणि माणूस प्रक्रियेला योग्य असेल तर ती शीर बंद करणं हा पहिला पर्याय. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१३ पासून क्रम असा आहे: आधी उष्णतेने आतून बंद करणं, म्हणजे लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते जमत नसेल तर फोम, म्हणजे फेसासारखं औषध टोचून शीर बंद करणं, तेही नाही तर शस्त्रक्रिया. नुसते मोजे देऊन बोळवण करू नये, असंही तिथे म्हटलंय. माझा अनुभवही याच बाजूचा आहे.

लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी यांत निकालाचा मोठा फरक नाही, करणाऱ्याचा हात आणि सोनोग्राफीवरची नजर महत्त्वाची. सुईच्या छिद्रातून तार घालतात, शिरेभोवती भूल मिसळलेलं थंड पाणी भरतात, तारेचं टोक संगमापासून सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवून शीर आतून शेकत खाली येतात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. गुडघ्याखाली थोडा बधिरपणा, निळेपणा, ओढ बसणं हे होतं. खोल शिरेत गाठ क्वचित होते, पण होते, म्हणून नंतरची सोनोग्राफी टाळू नका. गोंदाने शीर चिकटवण्याची पद्धतही आली आहे. ती चांगली चालते, पण काहींच्या कातडीवर ॲलर्जीसारखी लाली येते. आणि जाहिरातीत 'लेझर' वाचलं की विचारा कोणतं, कारण कातडीवरून मारायचं लेझर बारीक रेषांसाठी असतं. आईंच्या शिरेवर त्याचा उपयोग नाही.

'ती शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?' हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं, आणि त्या आईंच्या खुल्या आहेत. बंद करायची ती शीर रक्त वर नेण्याऐवजी खाली ओतते आहे. 'उद्या हृदयाच्या बायपासला हीच शीर लागली तर?' असंही विचारतात. फुगून नागमोडी झालेली शीर बायपासला सहसा उपयोगी पडत नाही.

मग लगेच करायचं का? ही घाईची शस्त्रक्रिया नाही. शाळेची उन्हाळी सुट्टी दोन महिन्यांवर असेल तर तोवर थांबून तेव्हा केलं तरी चालेल. पण 'जखम झाली की बघू' असं वर्षानुवर्षं ढकलू नका. ब्रिटनमध्ये ४५० जखमी पायांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिरेचा उपचार लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. आपल्याकडे माणसं महिने नाही, वर्षं ड्रेसिंग करतात. ऊस तोडणारे एक गृहस्थ नऊ वर्षं जखमेवर हळद आणि पट्टी बांधून फडात जात होते. त्यांच्या नऊ वर्षांत कुणी एकदाही त्यांना उभं करून डॉपलर केला नव्हता.

आरोग्यविमा असेल तर कागद आत्ताच पाहा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक आजारांचा खर्च मिळण्याआधी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि त्या आजारांच्या यादीत व्हेरिकोज व्हेन्स असतात.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आजच सांगा. पातळ कातडीखालची फुगलेली शीर कधी नखाने, कधी नुसत्या गरम पाण्याच्या अंघोळीत फुटते आणि रक्ताची चिळकांडी उडते. माणूस घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीत बसतो, आणि रक्त वाहतच राहतं. असं झालं तर तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं, पाय हृदयापेक्षा वर उचलायचा, आणि रक्त येतंय त्या जागेवर स्वच्छ फडका धरून बोटाने दहा मिनिटं अजिबात न सोडता दाबायचं. मांडीला दोरी किंवा ओढणी आवळू नका, त्याने रक्त वाढतं.

तोवर आईंना एवढं करू द्या. चुलीपाशी उभं असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस वेळा टाचा उचलायच्या, भाजी निवडणं-चिरणं बसून, आणि घरी आल्यावर अर्धा तास पाय उशीवर. दाबमोजे गुडघ्याखालचे, वर्ग दोन, म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे. पण ते घेण्याआधी डॉक्टरांकडून पावलावरची नाडी तपासून घ्या, मधुमेह असेल तर नक्कीच, कारण धमनी अरुंद असलेल्या पायाला घट्ट मोजा इजा करतो. माप सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची. ती तीन मापं, हा रिपोर्ट आणि 'तपासणी उभं करून झाली होती का' याचं उत्तर, एवढं घेऊन पुढच्या भेटीला जा.